शिबिरानंतर बॉर्डरवाल्यांचं पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरच्या जागतिक मधुमेह दिनानिमित्त आपल्या दैनिकात गावोगावच्या तपासणी शिबिरांच्या बातम्या वाचल्या. ही शिबिरं व्हायलाच हवीत. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करताना मीही ती भरवली आहेत. आता निवृत्त होऊन धारूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. या बातम्यांत कधीच न येणाऱ्या एका गोष्टीबद्दल, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 'बॉर्डरवाल्यां'बद्दल लिहायचं आहे.

शिबिरात बोटाला सुई टोचली की माणसांचे तीन गट पडतात. ज्यांची साखर बरीच वाढलेली निघते, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवतात, पुन्हा तपासतात, गोळी सुरू होते. ज्यांची ठीक असते ते घरी जातात. मधल्या गटाला आपण म्हणतो, "बॉर्डरवर आहे, जरा सांभाळा." त्यांच्या चिठ्ठीवर 'आहार व व्यायाम' असं लिहिलेलं असतं. गोळी नाही, म्हणून त्यांचं नाव औषधाच्या रजिस्टरला चढत नाही. नाव नाही, म्हणून पुढच्या महिन्यात कुणी विचारायला जात नाही. पुढच्या शिबिरापर्यंत त्यातले काही जण बॉर्डर ओलांडून पलीकडे गेलेले असतात, आणि मग मात्र त्यांची व्यवस्थित नोंद होते.

ही बॉर्डर कागदावर स्पष्ट आहे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी १४० ते १९९. उपाशीपोटी १२६ किंवा ग्लुकोजनंतर २०० पासून पुढे मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा देशभराचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक बॉर्डरवर आहेत. शहरात मधुमेहाचं प्रमाण १६.४ टक्के, खेड्यात ८.९ टक्के. पण बॉर्डरवाल्यांच्या प्रमाणात शहर आणि खेडं यांत म्हणावा असा फरक नाही, दोन्हीकडे सुमारे १५ टक्के. याचा अर्थ मी असा लावते की शहरात जे होऊन बसलं ते खेड्यात अजून व्हायचं आहे. अडवायचं असेल तर अडवण्याजोगी माणसं आमच्याकडे आहेत, आणि आत्ता आहेत.

अडवता येतं का? येतं. चेन्नईत बॉर्डरवरच्या ५३१ लोकांवर झालेल्या इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले. ज्यांना विशेष काही केलं नाही, त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांना खाणंपिणं आणि चालणं याबद्दल नीट समजावून सांगितलं, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी दिलेल्यांतही साधारण तेवढंच राहिलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या लोकांना एकदाच चिठ्ठी देऊन सोडलं नव्हतं. दर महिन्याला फोन करून विचारपूस होत होती आणि सहा महिन्यांनी समोरासमोर बसून बोलणं होत होतं. आमच्या शिबिरात नेमकं हेच होत नाही.

चिठ्ठीवरच्या 'आहार व व्यायाम'चं गावात काय होतं, ते मी रोज पाहत आले. शेजारच्या एका बाईंची साखर बॉर्डरवर निघाली. "गोड कमी करा," असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी चहातली साखर बंद केली, अगदी निष्ठेनं. पण कोरा चहा नुसता घशाखाली उतरेना म्हणून त्याच्यासोबत दोन-दोन टोस्ट सुरू झाले. सकाळी भाताचा कुकर, रात्री पुन्हा भात, मधे गव्हाच्या पोळ्या. सोमवार, गुरुवार आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी. "सिस्टर, गोडाला तर मी हात बी लावत नाही, मग शुगर वाढायली कशानं?" असं त्या कळकळीनं विचारत होत्या. साबुदाणा, टोस्ट आणि भात यांचीही शेवटी साखरच होते, हे त्यांच्या ताटाजवळ बसून कुणी सांगितलंच नव्हतं. शिबिरात एका माणसामागे दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत ताट बदलत नाही.

आणि व्यायाम! आठवड्याला किमान १५० मिनिटं चालावं, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. पण आमच्या गावात चाळीस-पन्नास वर्षांच्या बाईनं एकटीनं, हातात काही न घेता, रस्त्यानं अर्धा तास चालून दाखवावं. डोक्यावर घागर असेल, काखेत वैरणीचा भारा असेल तर तिला कुणी विचारत नाही. रिकाम्या हातानं निघाली की चार ओट्यांवरून प्रश्न येतो, "कुठं निघालीस गं?" दोन दिवस ती उत्तर देते, तिसऱ्या दिवशी घरात बसते. पुरुषांचं निराळं. "शेतात राबतो की, अजून काय चालायचं?" असं म्हणतात. पण शेतात जायला मोटारसायकल, नांगरायला ट्रॅक्टर, सोयाबीन काढायला मशीन. आमचे वडील ज्या अर्थानं राबत होते, तसं राबणं आता बऱ्याच घरांत उरलेलं नाही. जेवण मात्र राबणाऱ्याचंच आहे.

म्हणून सांगते, हा सल्ला एकट्यादुकट्यानं पाळण्यासारखा नाही. त्याला सोबत लागते. निवृत्तीनंतर आमच्या आळीत आम्ही काही बाया रात्रीची जेवणं उरकली की मारुतीच्या देवळापासून फाट्यापर्यंत चालत जातो आणि परत येतो. काही बॉर्डरवरच्या आहेत, एकीच्या आईचा पाय शुगरनं गेला, काही नुसत्याच सोबतीला आलेल्या. सुरुवातीला लोकांनी टोकलं. पण आठ-दहा जणी मिळून चालायला लागल्या की विचारणाराच अवघडतो. सासवांनी परवानगी दिली ती "सिस्टर हायत संगं" म्हणून. चालता चालता ताटातल्या गोष्टी आपोआप निघतात. कुणी विचारतं, भगर चालती का, कुणी सांगतं, आज हुलग्याचं माडगं केलं होतं. शिबिरातल्या भाषणानं जे होत नाही ते तिथं होतं. महिन्याला बचत गटाची बैठक असते, तिथं चहा-बिस्किटांऐवजी फुटाणे आले. एवढ्यानं मधुमेह पळून जातो असा माझा दावा नाही. पण त्या बायांची चौकशी दर आठवड्याला कुणीतरी करतं, ही गोष्ट मोठी आहे.

केरळमध्ये हेच शिस्तीत करून पाहिलं गेलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात मतदान केंद्रांच्या ६० भागांतून मधुमेहाच्या धोक्यातले १००७ लोक निवडले. निम्म्या भागांत गट केले आणि त्यांच्यातल्याच एखाद्याला शिकवून म्होरक्या नेमलं. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर दोन वर्षांनंतरचा फरक लहानच होता, ठामपणे सांगावा इतका नव्हता. पण ज्यांची ग्लुकोजनंतरची साखर आधीच वाढलेली होती, त्यांच्यात फायदा स्पष्ट दिसला. यातून एक शहाणपण घ्यावं. सरसकट सगळ्या गावाला भाषण देण्यापेक्षा बॉर्डरवरच्या माणसांना नेमकं ओळखून त्यांचा गट बांधावा. गटासाठी डॉक्टर लागत नाही, गावातलंच माणूस पुरतं.

ओळखायचं साधन आशाताईंच्या पिशवीत आहे. सीबॅकचा फॉर्म, म्हणजे कुणाला आजाराचा धोका आहे ते घरोघरी ओळखायची प्रश्नावली. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, चालणं-फिरणं आणि घरात कुणाला शुगर, बीपी आहे का, यावर गुण पडतात. गुण चारपेक्षा जास्त झाले की आधी तपासणी. उदाहरणार्थ, पंचेचाळिशीची बाई, घेर ९२ सेंटिमीटर, आईला मधुमेह, तर वयाचे २, घेराचे २ आणि आईचे २ मिळून सहा. तिला काहीही त्रास होत नसतो. अशा बाईला तपासणीला या म्हटलं की ती म्हणते, "मला काहीच व्हईना, मग कशाला?" तिला राजी करायला आशाताईंना तीन-तीनदा जावं लागतं. माझ्या वेळी या कामाचे एका फॉर्ममागे दहा रुपये मिळत.

घेर मोजणं हे कागदावर सोपं, प्रत्यक्षात अवघड काम आहे. चार माणसांत पोटाला टेप लावायला बायका तयार होत नाहीत, पदर घट्ट धरून उभ्या राहतात. खोलीचं दार लावून, साडी जरा सैल करायला सांगून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर टेप धरावा लागतो. घाईत साडीवरूनच मोजलेला आकडा खरा नसतो. बायांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत तो हवा. टेप नसेल तर मी सुती दोरा वापरायला शिकवते. टाचेपासून डोक्यापर्यंत उंचीएवढा दोरा तोडायचा, बरोबर मधोमध दुमडायचा आणि तो दुहेरी दोरा पोटाभोवती फिरवायचा. टोकं जुळली तर ठीक. मधे अंतर राहिलं तर तपासून घ्यावं. दोऱ्याचं हे माप बायांना फार पटतं, घरी जाऊन त्या नवऱ्याचंही पोट मोजतात.

अंगानं सडपातळ माणसानंही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या नवजात बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती वजनानं बरीच कमी होती, स्नायू कमी होते, पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. आईच्या पोटात आबाळ झालेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, हे हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीच्या काळात गर्भात असलेल्यांच्या अभ्यासातही दिसलं आहे. हे वाचलं तेव्हा मला १९७२ आठवलं. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया, सुकडी, मिलो ज्वारी. त्या वर्षी ज्यांच्या आया पोटुशी होत्या, ती माणसं आज पन्नाशी ओलांडलेली आहेत. मराठवाड्यात त्यांची तपासणी तरी सगळ्यांच्या आधी व्हायला नको का?

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले, तो मुद्दा. बॉर्डरवरच्या बायांची एक तयार यादी प्रत्येक उपकेंद्राच्या कपाटात पडून आहे. गरोदरपणात आम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात विरघळवून पाजतो आणि दोन तासांनी साखर बघतो. १४० किंवा त्याहून जास्त निघाली तर गरोदरपणातला मधुमेह. किती जणींना ते गोड पाणी पिऊन मळमळतं, ओटीवर त्यांना धरून बसावं लागतं. एवढं करून आकडा मिळतो, रजिस्टरला लाल शाईनं लिहिला जातो. बाळंतपण होतं, साखर बहुतेक जणींची उतरते, सहा आठवड्यांनी एकदा तपासायची असते. ती कधी होते, कधी बाई माहेरी असते म्हणून राहून जाते. आणि तिथंच वही मिटते. खरं तर या बायांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पट असतो. दरवर्षी एकदा त्यांची साखर बघायला हवी.

माझ्या ओळखीतली एक बाई अशीच होती. दुसऱ्या खेपेला साखर निघाली होती, बाळ चार किलोचं झालं. पुढे नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जात राहिली. काही वर्षांनी पायाच्या अंगठ्याला पाचटाचं लागलं आणि जखम भरेना. ज्या दवाखान्यात ती गेली, तिथं बाळंतपणातल्या साखरेचा कागद नव्हता आणि कुणी विचारलंही नाही. अंगठा काढावा लागला. ती चाळिशीच्याही आत होती. रजिस्टरमधली ती लाल शाई तोवर फिकी झाली नव्हती.

ऊसतोडीचं नाव निघालंच आहे तर शिबिरांच्या तारखेबद्दलही सांगते. मधुमेह दिन १४ नोव्हेंबरला येतो. दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडपी, कारखान्यांकडे गेलेले असतात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्या वेळी रांगेत उभ्या राहिलेल्यांचा आकडा म्हणजे गावाचा आकडा नव्हे. आमच्याकडे तपासणी श्रावण-भाद्रपदात व्हावी आणि पट्टा पडून, म्हणजे तोडीचा हंगाम संपून, लोक परतले की पुन्हा व्हावी. मुलांचं लसीकरणाचं कार्ड जसं बाया पत्र्याच्या पेटीत जपून कोप्यांवर (तोडीवरच्या झोपड्यांत) नेतात, तसं साखरेचंही कार्ड त्यांच्याजवळ द्यावं. जिथं जातील तिथल्या आरोग्य केंद्राला ते वाचता येईल.

खाण्याच्या बाबतीत सगळा दोष लोकांवर टाकणं मला मान्य नाही. रेशनवर गहू-तांदूळ फुकट आहे आणि बाजारात ज्वारी महाग आहे, मग गरिबानं काय शिजवावं? ज्वारी ही याच मातीतली. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेलं परभणी शक्ती नावाचं वाण काढलं. अन्नसुरक्षा कायद्यातही गहू-तांदळाबरोबर भरड धान्याची तरतूद २०१३ पासून आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत रेशनवर ज्वारी बारमाही मिळाली पाहिजे. भाकरी खाल्ली म्हणजे शुगर होत नाही, असा एक समज आहे, तोही खरा नाही. चार भाकरींनी साखर वाढतेच. पण दीड भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि सोबत पालेभाजी हे ताट बॉर्डरवरच्या माणसाला फार उपयोगी आहे. चैत्र-वैशाखात आमच्याकडे प्यायला पाणी नसतं, तेव्हा हिरव्या भाज्या खा म्हणणं सोपं आहे. त्या दिवसांत वाळवलेली हरभऱ्याची भाजी, हुलगे, मटकी, कारळाची आणि जवसाची चटणी असं जे घरात असतं त्यावरच बोलावं. दिवसातून दोनदाच खावं की दर दोन तासांनी, या वादात माणसं तावातावानं भांडतात. मला वाटतं, त्याआधी भाताची पातेली किती मोठी आहे ते बघावं.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला माझी हात जोडून विनंती आहे. प्रत्येक उपकेंद्रात बॉर्डरवाल्यांचं वेगळं रजिस्टर उघडावं, आणि त्यात पहिली नावं गरोदरपणात साखर निघालेल्या बायांची चढवावीत. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी दर महिन्याला त्या नावांची विचारपूस करावी, वर्षातून एकदा तपासणी करावी. आशाताईंना रुग्णांच्या पाठपुराव्याचा मोबदला आहे, तसा बॉर्डरवाल्यांच्या पाठपुराव्याचाही द्यावा. नाहीतर हे काम त्यांच्याच अंगावर फुकट पडेल, आणि त्यांच्या अंगावर आधीच खूप आहे. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे वर्षाला दहा हजारांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा निधी येतो, त्यातून मोजायचे टेप आणि वजनकाटा घेता येईल. शाळेच्या मैदानावर एक दिवा लावला आणि संध्याकाळी फाटक उघडं ठेवलं तर ज्यांना रस्त्यानं चालायची भीती वाटते त्या बाया तिथं फेऱ्या मारतील. हरिनाम सप्ताहाच्या मंडळींनाही सांगणं आहे. सात दिवस सगळं गाव एका मांडवात असतं, एवढी माणसं कुठल्या शिबिराला येतात? महाराजांनी कीर्तनात दोन शब्द सांगितले तर लोक मनावर घेतात. आणि काल्याच्या पंगतीत बुंदीच्या जोडीला मटकीची उसळही असू द्यावी.

एक अडचण मला अजून सुटलेली नाही, म्हणून आपल्या वाचकांनाच विचारते. आमचा गट उन्हाळ्यात आणि थंडीत नीट चालतो. आषाढ लागला की फाट्याच्या रस्त्यावर काळ्या रानातला चिखल येतो, अंधारात विंचू-सापाची भीती असते. चालणं बंद पडतं आणि बंद पडलेलं पुन्हा सुरू करायला दिवाळी उजाडते, तोवर निम्म्या जणी कारखान्याला गेलेल्या असतात. लातूर, परभणी, हिंगोलीकडे किंवा कुठंही बायांचे असे गट पावसाळ्यातही टिकले असतील, तर त्यांनी काय केलं, देवळाच्या सभामंडपात फेऱ्या घातल्या की आणखी काही, ते कृपया याच सदरातून कळवावं.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. धारूर, जि. बीड
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)